भुताचे सोंग आणि माणसाचे नाव



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. या व्यासपीठावर संतवाङ्मयावर बोलले जाते, शेतीच्या पाण्यावर बोलले जाते, देशापुढील प्रश्नांवर बोलले जाते. अशा ठिकाणी हमाल व बांधकाम मजुरांच्या संघटनेत उमर घालवलेल्या माणसाने उभे राहून सिनेमातल्या भुताविषयी काय सांगावे? माझे उत्तर सरळ आहे. भूत खरे नसते. परंतु भुताचे काम करणारा माणूस खरा असतो, आणि तो कामावर आलेला असतो. त्याला मोबदला काय मिळतो, त्याचे नाव कोठे लागते आणि काम बंद पडल्यावर त्याने काय करावे, हे प्रश्न माझ्या नेहमीच्या व्यवहारातलेच आहेत. शाळेत मी फार काळ रमलो नाही. जे शिकलो ते ग्रंथालयात, कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर आणि कामगारांच्या बैठकीत. म्हणून कलेचा विचारही मला प्रथम कामाच्या बाजूने सुचतो, हे आपण सांभाळून घ्यावे.

सोंगाची जुनी परंपरा

भय दाखवून पोट भरण्याचा धंदा आपल्याला नवा नाही. बहुरूपी, म्हणजे आपल्याकडचे रायरंद, गावोगाव हिंडून नाना सोंगे आणीत. कोकणच्या दशावतारात आरंभीच संकासुर येतो आणि विष्णूच्या हातून मरतो. डोंगरी मुलुखातल्या बोहाड्यात लाकडी मुखवटे चढवून देव आणि राक्षस नाचतात. मुले भितात, मोठी माणसे हसतात, आणि सकाळ झाली की तोच राक्षस गावच्या ओळखीचा माणूस होऊन शेताला जातो. या जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट होती. मुखवट्याखाली कोण आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असे. सोंगाचे कौतुक झाले तर ते त्या माणसाचेच होई.

सिनेमाने ही गाठ तोडली. पडद्यावरचे भूत हजारो गावांनी एका वेळी पाहिले आणि त्याच्या आतला माणूस एकाही गावाला ठाऊक राहिला नाही. आज मी जे सांगणार आहे त्याचे सूत्र एवढेच आहे.

भूत खोटे आणि भूत खरे

आपल्याकडील भयपटांचे दोन काळ पडतात. पहिल्या काळात भूत शेवटी खोटे निघे. १९४९ सालचा 'महल', १९६२ सालचा 'बीस साल बाद', १९६४ सालचा 'वह कौन थी' हे चित्रपट आठवा. पांढरी साडी, धुके, दूरवरून येणारे गाणे. आणि अखेरीस उलगडा असा की हा सारा माणसांचाच कावा होता. अशा चित्रपटात भुताचे काम देखणी नटी करू शकते, कारण ते भूत नसतेच. 'महल'मधल्या मधुबालेने तर त्या कामाने कीर्ती मिळवली.

दुसरा काळ रामसे बंधूंनी आणला. त्यांचे वडील फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. १९४७ च्या फाळणीनंतर ते मुंबईस आले आणि पुढे चित्रपट काढू लागले. १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट काढला. तो पडला. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून पदार्थसंग्रहालयात चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि तेवढ्यापुरते प्रेक्षक दचकत होते. मुलांनी ते हेरले. वडील नुकसानीचा हिशेब करीत होते, तेव्हा मुलांनी तो एक प्रसंगच सबंध चित्रपटाएवढा वाढवण्याचे ठरवले. भाऊ सात होते. कुमार यांनी लेखन घेतले, तुलसी व श्याम यांनी दिग्दर्शन, गंगू यांनी कॅमेरा, किरण यांनी ध्वनी, अर्जुन यांनी संकलन आणि केशू यांनी निर्मितीची बाजू. कोणी शाळेत जाऊन हे शिकले नव्हते. जोसेफ मॅसेली या अमेरिकन छायालेखकाचे एक पुस्तक समोर ठेवून त्यांनी कॅमेऱ्याचे शास्त्र आत्मसात केले. पुस्तकावरून विद्या मिळवणाऱ्या माणसांविषयी मला आपुलकी आहे, ती येथे लपवत नाही.

१९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला. महाबळेश्वरास मंडळी बसमधून गेली, सरकारी विश्रामगृहात उतरली आणि सुमारे चाळीस दिवसांत काम उरकून परतली. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास, असे त्या बंधूंनीच पुढे सांगितले आहे. नट नवखे, कपडे साधे, घरच्या स्त्रियांच्या हातचा स्वयंपाक; आणि नेपथ्य उभारण्याऐवजी मुळातच पडका असलेला वाडा. मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा याच कारणाने त्यांच्या चित्रपटांत दिसतो. थोड्या भांडवलावर चालणारा हा घरगुती कारखाना होता.

त्याचे गिऱ्हाईक कोण? मुंबईची मोठी चित्रगृहे नव्हेत. गिऱ्हाईक आपण होतो. चित्रपटाच्या व्यापारात देशाचे हिस्से पाडलेले आहेत आणि प्रत्येक हिश्शाचे हक्क निराळे विकले जातात. आपला मराठवाडा त्या व्यापारात 'निझाम' या हिश्शात मोडतो. १९४८ साली हैदराबाद मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. तरी चित्रपटांच्या वहीत निझामाचे नाव पुसले गेले नाही. या हिश्शातल्या लहान गावांत आणि जत्रांच्या तंबूत रामसेंच्या भुतांनी गल्ला जमवला. मालमोटारीवर यंत्र बसवून फिरणारे टॉकीज ज्यांनी पाहिले असेल त्यांना सांगावयास नको. 'पुराना मंदिर' मी पोरवयात अशाच तंबूत पाहिला. रीळ बदलताना दिवा लागला की सारे एकमेकांकडे पाहून हसत, आणि दिवा गेला की शेजारच्याचा सदरा धरीत.

या भुतांचा एक धर्म पहिल्या काळाहून वेगळा होता. ती खरी होती. त्यांना हाडामांस होते, ती थडग्यातून उठत, माणसाला धरीत, आणि शेवटी त्रिशूळाने किंवा अग्नीने नष्ट होत. असे भूत देखण्या नटीला करता येत नाही. त्यासाठी अंगाचा माणूस लागतो. भुताच्या नटाचा स्वतंत्र धंदा आपल्याकडे येथून सुरू झाला.

रुरकीचा इंजिनीअर

त्या धंद्यातले सर्वांत ठळक नाव अनिरुद्ध अगरवाल यांचे. मूळचे डेहराडूनचे. रुरकी विद्यापीठात, म्हणजे जे २००१ साली आयआयटी झाले त्या संस्थेत, ते स्थापत्य अभियांत्रिकी शिकले आणि कामासाठी मुंबईस आले. अंगाने विलक्षण उंच, हाड रुंद, डोळे खोल, चेहऱ्याची ठेवण विसरू म्हटले तरी विसरता न येणारी. नटाची हौस होती. नायकाच्या कामासाठी अशा चेहऱ्याला कोणी बोलावणार नव्हते. परंतु रामसेंना जे पाहिजे होते ते नेमके हेच. त्यांनी पाहिले आणि काम दिले.

१९८४ सालचा 'पुराना मंदिर' हा तो चित्रपट. त्यात अगरवाल सामरी झाले. दोनशे वर्षांपूर्वी एका राजाने सामरी नावाच्या दुष्टाचा शिरच्छेद करवला. शिर एका पेटीत बंद करून वाड्यात ठेवले आणि धड जुन्या मंदिरामागे पुरले. मरताना त्याने राजाच्या घराण्याला शाप दिला की या घरातली प्रत्येक लेक बाळंतपणात मरेल. मोहनीश बहल, आरती गुप्ता, पुनीत इस्सर ही त्यातली तरुण मंडळी. अहिल्यानगरच्या रंगभूमीवरून आलेले आणि 'अर्धसत्य'ने १९८३ साली गाजलेले आपले सदाशिव अमरापूरकरही त्यात होते. चित्रपट तुफान चालला.

आता या कामाचे मोजमाप करून पाहू. सामरी चित्रपटाच्या आरंभी येतो, मग पुष्कळ वेळ त्याचे शिर पेटीत असते, आणि अखेरच्या भागात तो उठतो. त्याला बोलणे जवळजवळ नाही. नायकाच्या वाट्याला गाणी, मारामाऱ्या, प्रेमप्रसंग. विनोदी नटांना स्वतंत्र उपकथानक. तरीही लोक घरी काय घेऊन गेले? सामरीचा चेहरा. पुढच्याच वर्षी, १९८५ साली, 'सामरी' हे नावच शीर्षक करून चष्मा लावून पाहण्याचा त्रिमिती चित्रपट काढण्यात आला. नायकाच्या नावावर चित्रपट निघत नव्हता. भुताच्या नावावर निघत होता. १९९० साली 'बंद दरवाजा' आला, आणि त्यात अगरवाल नेवला नावाचा रक्तपिपासू झाले. तो विलायती ड्रॅक्युलाचा हिंदी अवतारच होता.

गंमत अशी की श्रेयनामावलीत त्यांचे नाव या काळात अजय अगरवाल असे लागत होते. अनिरुद्ध हे नाव लोकांना पुढे कळले. सामरी साऱ्या देशाने ओळखला. त्याच्या आतल्या माणसाची ओळख मात्र दोन नावांत विभागली गेली.

मुखवट्याखालचे श्रम

असे काम सोपे असते, अंगभर रंग फासून गुरगुरले की झाले, असा समज आहे. या समजाला उत्तर म्हणून विलायतेतले एक उदाहरण देतो, कारण त्याची नोंद चांगली झालेली आहे.

बोरिस कार्लोफ हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. लंडनमध्ये १८८७ साली जन्म. तरुणपणी कॅनडात गेला, अंगमेहनतीची कामे केली, पुढे अमेरिकेत नट म्हणून किरकोळ कामे मिळत नसत तेव्हा ट्रक चालवून पोट भरले. १९३१ साली, चाळिशी उलटल्यावर, 'फ्रँकेन्स्टाइन' चित्रपटात राक्षसाचे काम मिळाले. जॅक पिअर्स हा रंगभूषाकार दररोज सुमारे चार तास त्याचा चेहरा घडवी. पायांत कित्येक किलोंचे बूट, अंगात जाड कपडे, वर दिव्यांची आग. रंग उतरवायला पुन्हा वेळ. एका प्रसंगात दुसऱ्या नटाला खांद्यावर घेऊन चढ चढायचा होता. तो पुन्हा पुन्हा करून घेतला गेला, आणि पाठीचे दुखणे त्याला जन्माचे जडले. ज्याने पाठीवर पोती वाहिली आहेत त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या हमालांनी शंभर किलोच्या पोत्याऐवजी पन्नास किलोचे पोते मागितले ते याच पाठीसाठी.

आणि एवढ्या श्रमानंतर चित्रपटाच्या आरंभीच्या नामावलीत राक्षसाच्या नावापुढे काय छापले होते? एक प्रश्नचिन्ह. प्रेक्षकांचे कुतूहल वाढावे म्हणून केलेली ती युक्ती होती, आणि शेवटच्या नामावलीत कार्लोफचे नाव आले हे खरे. परंतु मला ते प्रश्नचिन्ह या साऱ्या धंद्याची खूण वाटते.

कार्लोफने पुढे काय केले ते महत्त्वाचे आहे. कामाच्या तासांना धरबंध नाही, सक्तीच्या जागरणाला मोबदला नाही, हे त्याने स्वतःच्या अंगावर सोसले होते. १९३३ साली अमेरिकेतल्या पडद्यावरच्या नटांनी आपला संघ स्थापन केला, त्याच्या संस्थापकांत हा राक्षस होता. निर्मात्यांची खप्पा मर्जी झाली तर काम जाईल, म्हणून या हालचाली दबक्या आवाजात चालत. १९३७ साली निर्मात्यांना त्या संघाशी करार करावा लागला. पडद्यावर ज्याला जीभ नव्हती, त्याने पडद्याबाहेर इतरांना बोलके केले.

एकाच सोंगात अडकणे

श्रमाइतकाच दुसरा धोका म्हणजे एकाच सोंगात अडकण्याचा. बेला लुगोसी हा हंगेरीचा नट. तोही संघटनेचा माणूस. १९१९ च्या क्रांतीच्या धामधुमीत त्याने हंगेरीतल्या नटांची संघटना उभारण्यात भाग घेतला, आणि ते सरकार कोसळताच त्याला देश सोडावा लागला. अमेरिकेत १९२७ साली रंगभूमीवर आणि १९३१ साली पडद्यावर तो ड्रॅक्युला झाला. चित्रपटासाठी त्याला आठवड्याला ५०० डॉलर या दराने सात आठवड्यांचे ३,५०० डॉलर मिळाले. त्या चित्रपटाने कंपनीला तारले. लुगोसीला त्याच कामाने बांधून घातले. पुढे त्याला दुसरे काम सहसा मिळेना. अखेरच्या वर्षांत एड वुड नावाच्या दिग्दर्शकाच्या अगदी तुटपुंज्या भांडवलाच्या चित्रपटांत तो उभा राहिला. १९५६ साली तो वारला, आणि त्याला ड्रॅक्युलाच्याच झग्यात पुरण्यात आले.

त्याच्या मरणानंतरची कथा कामगारांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. लुगोसीच्या चेहऱ्याचा ड्रॅक्युला खेळण्यांवर, कपड्यांवर, मुखवट्यांवर छापून विकला जाऊ लागला. वारसांनी दावा लावला. १९७९ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही. पुढे काही वर्षांतच तेथील कायदा बदलून मरणोत्तर हक्क मान्य करण्यात आला. म्हणजे चेहरा ही मालमत्ता आहे, हे कायद्याला कळायला माणूस मरून पंचवीस-तीस वर्षे जावी लागली.

आपल्याकडे अगरवाल यांचे काय झाले? 'बंद दरवाजा'नंतर रामसेंच्या मोठ्या भयपटांची लाट ओसरली. १९९३ साली तुलसी व श्याम रामसे 'झी हॉरर शो' घेऊन दूरचित्रवाणीवर गेले, आणि भूत तंबूतून माजघरात आले. भुतांचे इतर छोटे कारखानेही होते; मोहन भाक्री यांचे 'चीख', 'खूनी महल', 'कब्रस्तान' याच सुमाराचे. परंतु सामान्य गिऱ्हाईक घरबसल्या करमणूक पाहू लागले तेव्हा छोट्या भांडवलाच्या भयपटाची पेठ बसली. पुढे २००२ चा 'राज' आणि २००३ चा 'भूत' आले तेव्हा भयपट पुन्हा उभा राहिला; पण त्यात नामांकित नट होते, भीती आवाजातून व छायाप्रकाशातून निर्माण होत होती, आणि उंचापुऱ्या अंगाच्या माणसाची गरज कमी झाली होती. यंत्र बदलले की जुने कसब वाऱ्यावर पडते. हे गिरणीत घडले, छापखान्यात घडले, तसे स्मशानाच्या नेपथ्यातही घडले.

तरी अगरवाल यांना सामरीपलीकडची कामे मिळाली, हे सांगितले पाहिजे. १९९४ साली शेखर कपूर यांच्या 'बँडिट क्वीन'मध्ये ते डाकू बाबू गुज्जर झाले. तो भयपट नव्हता. तेथे मुखवटा नव्हता, आणि तरी त्या माणसाची दहशत अंगावर येते. अनेक वर्षे ज्याला केवळ शरीर म्हणून वापरले तो नट होता, याचा तो पुरावा. त्याच साली डिस्नेच्या इंग्रजी 'जंगल बुक'मध्येही त्यांनी काम केले. मात्र दोन्हीकडे वाट्याला आले ते दुष्टाचेच काम. हाताशी इंजिनीअरची पदवी होती हे त्यांचे मोठे बळ. ज्याच्याजवळ दुसरे कसब असते तो कामाला नाही म्हणू शकतो. ज्याच्याजवळ नसते त्याला पडेल ते घ्यावे लागते.

मुखवटा नसलेल्या नायकाचीही या छोट्या चित्रपटांत वेगळी स्थिती नव्हती. आपले मराठी हेमंत बिर्जे १९८५ साली 'टारझन'मध्ये पिळदार अंगाचे नायक म्हणून एका रात्रीत प्रसिद्धीस आले. १९८६ च्या 'तहखाना'त आणि १९८८ च्या 'वीराना'त रामसेंनी त्यांना घेतले. तेथेही पेठेत किंमत होती ती अंगाचीच. देहावर उभी असलेली किंमत देहाबरोबर उतरते. गळ्यावर, लेखणीवर वा हातच्या कसबावर उभी असलेली जरा उशिरा उतरते. हमालाला हे विसाव्या वर्षी कळत नाही, चाळिसाव्या वर्षी कळते.

नामावली, करार आणि संघटना

मग उपाय काय? आमच्या धंद्यात १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याचे मर्म असे की हमालाचा मालक रोज बदलतो म्हणून त्याला कोणीच मालक नाही, असे म्हणता येत नाही. त्याची नोंद मंडळात होते, मजुरी मंडळामार्फत मिळते, आणि भविष्यनिर्वाह निधीसारखे हक्क मालक बदलला तरी त्याच्यामागे चालतात. नटाची स्थिती हीच आहे. आज एक निर्माता, उद्या दुसरा, परवा कोणीच नाही.

१९५६ साली मुंबईत चित्रपट कामगारांच्या संघटनांचा महासंघ झाला. १९८१ साली संसदेने चित्रपट कामगारांसाठी कायदा केला. त्याने लेखी करार आवश्यक केला, त्या कराराची नोंद मागितली, आणि निदान तीन चित्रपटांत काम केलेल्या कामगाराला, मग निर्माते निरनिराळे असले तरी, भविष्यनिर्वाह निधी लागू केला. या कायद्याच्या व्याख्येत नटही 'कामगार' होता, फक्त त्याचा मोबदला ठरलेल्या मर्यादेच्या आत असावा लागे. २०२० साली मंजूर झालेल्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला आणि चित्रपटाबरोबर इतर दृक्श्राव्य कामगारांनाही व्याख्येत जागा मिळाली. कायदा कागदावर आहे. त्याची मागणी करणारा माणूस हवा.

आता नावाचा मुद्दा. पुष्कळांना वाटते, नाव लागले काय अन् न लागले काय, पैसे मिळाल्याशी कारण. हे चूक आहे. २०१२ साली आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली. कलाकाराच्या कामाचा व्यापारी उपयोग झाल्यास त्याला रॉयल्टी मिळावी, असे तिने म्हटले. परंतु कलाकार कोणाला म्हणावे? त्याच कायद्यात अट आहे की चित्रपटात ज्याचे काम किरकोळ किंवा प्रासंगिक असेल, आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचा उल्लेख नामावलीसकट कोठेही होत नाही, तो कलाकार धरला जाणार नाही. काम विकृत केले तर हरकत घेण्यापुरता काय तो अपवाद. म्हणजे नामावलीतली एक ओळ ही मानाची गोष्ट तर आहेच, पण हक्काची पावतीही आहे. 'पुराना मंदिर' आणि 'बंद दरवाजा' पुढे परदेशात तबकड्यांवर नव्याने विकले गेले, आणि आज ते कोणाच्याही खिशातल्या यंत्रावर पाहता येतात. तंबू उठला, माल मात्र विकला जातच आहे. अशा वेळी त्यात कोणी काम केले, याची पक्की नोंद असणे किती आवश्यक आहे हे मी वेगळे सांगत नाही.

आणि पुढचे संकट त्याहून मोठे आहे. संगणक आता माणसाचा चेहरा व आवाज हुबेहूब उभा करू शकतो. एक दिवस अंग मोजून घ्यावे आणि पुढे कायम ते फुकट वापरावे, अशी सोय झाली आहे. २०२३ साली अमेरिकेतल्या नटांच्या संघाने ११८ दिवस संप केला, आणि संमती व मोबदला यांशिवाय कोणाची प्रतिकृती वापरू नये ही त्यातली एक मुख्य मागणी होती. हा संघ म्हणजे कार्लोफ आणि त्याच्या सोबत्यांनी १९३३ साली लावलेल्या रोपाचेच झाड आहे. प्रश्नचिन्ह म्हणून छापल्या गेलेल्या माणसाचे काम नव्वद वर्षांनी असे फळाला आले.

एक आक्षेप

शेवटी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, हे चित्रपट अंधश्रद्धा वाढवतात. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोण्याविरुद्ध कायदा केला. अशा राज्यात भुताच्या नटाची बाजू कशाला घेता? आक्षेपात तथ्य आहे. भूतबाधेच्या समजुतीपायी आपल्या भागातही बायकांचे हाल झाले आहेत, आणि शाप, तांत्रिक, मंतरलेला त्रिशूळ ही या चित्रपटांची सामग्री त्या समजुतीला खतपाणी घालते. मी ते झाकत नाही. परंतु सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांची संघटना झाली तेव्हा कोणी असे म्हटले नाही की तंबाखू वाईट, म्हणून यांची मजुरी बुडाली तरी चालेल. मालाचे गुणदोष एक, आणि मजुराचा हक्क दुसरा. उलट मला वाटते, भुताचे नाव घेताना आतल्या माणसाचेही नाव घेण्याची सवय आपण मुलांना लावली, तर भीती आपोआप कमी होईल. सामरी म्हणजे अनिरुद्ध अगरवाल, रुरकीचे इंजिनीअर, हे एकदा कळले की पेटीतले शिर रात्री उशाशी येत नाही. आपल्या वाडवडिलांना संकासुराची भीती वाटली नाही, कारण मुखवटा काढल्यावर तो कोणाच्या घरचा हे त्यांना माहीत होते.

म्हणून आपणांस एकच विनंती. चित्रपट संपल्यावर नावांची रांग सुरू होते तेव्हा आपण चप्पल शोधत उठतो. पुढच्या वेळी दोन मिनिटे थांबावे आणि ती नावे वाचावीत. पंगत उठल्यावर आचाऱ्याची चौकशी करणारी आपली माणसे आहेत. जो आपल्याला दोन तास घाबरवून जागे ठेवतो, त्याची चौकशी करणे आपल्याला जड जाऊ नये.